एक सोंगटी परत

लालबागच्या चाळीतल्या गॅलरीत दत्ताराम पोरांना कॅरम शिकवायचा. कुणी चिडून स्ट्रायकर आपटला की शांतपणे म्हणायचा, "राग आला ना? येऊ दे. एक सोंगटी परत ठेव." तो आवाज त्याच्या बायकोच्या, सुलभाच्या, कानांत अजून होता. पुढे अपघातात दत्तारामच्या मेंदूला मार बसला आणि रागावरचा ताबाच सुटला. कालच त्याने आमटी आळणी म्हणून भरलं ताट भिंतीवर मारलं होतं. आज जुना भिडू अरविंद खेळायला आला. नेम चुकताच दत्तारामने स्ट्रायकर भिरकावला. सुलभा माफी मागायला धावली. "वहिनी, बसा तुम्ही." अरविंदने स्ट्रायकर आणून समोर ठेवला. "दत्तू, नियम तुझाच. एक सोंगटी परत." दत्ताराम धुमसत राहिला. शेवटी घेतलेल्या सोंगट्यांतली एक त्याने मधोमध ठेवली. मग आणखी एक. "ही कशाची?" अरविंदने विचारलं. दत्तारामने सुलभाकडे पाहिलं. "कालच्या ताटाची."