बाराची जीप

तू नुसतं ऐक गं, मधी बोलू नको.

भार्गवी ऑफिसच्या खिडकीपाशी उभी होती. अकरावीच्या विषयांचा फॉर्म हातात, भरायचा शेवटचा दिवस, अन् बाराला दहा कमी. एकच रकाना कोरा राह्यल्ता. इतिहास का भूगोल? मागं रांगेत साधना, गंधाली अन् भावना. चौघी एकाच गावच्या, टेंभुर्णीच्या पुढल्या. कॉलेज जाफराबादला. कल्याणमामाच्या जीपमधी यायचं अन् त्याच जीपमधी घरी जायचं.

सगळा घोळ त्या जीपचाच. भूगोलाचा तास दहाला. इतिहासाचा साडेबाराला. जीप सुटती बाराला. म्हणून त्या गावच्या पोरी आजवर भूगोलच घेत आल्या. विषय जीपच निवडायची म्हण ना!

भार्गवीला मात्र इतिहासच पाहिजे होता. किती? तं शेजारच्या नव्वदीच्या गोजरबाईजवळ बसून निजामाच्या वेळच्या गोष्टींनी तिनं दोन वह्या भरल्या. कोणी सांगितलं न्हाई, शिकवलं न्हाई, आपल्या मनानंच.

तिनं बापाला विचारून पाह्यलं. मच्छिंद्रराव म्हणले, "घे की. पण चौघींनी संगं जायचं, संगं यायचं. एकटीनं मागं थांबायचं बिलकुल न्हाई."

मंग ती कल्याणमामाकडं गेल्ती. "मामा, दीडला सोडा ना गाडी."

"एकीसाठी गाडी उभी ठिवली तं बाकीच्या तिघी मला कच्चं खातील. चौघी थांबा, मंग दीड काय, दोनला सोडतो."

आता तिघींना म्हणायचं कसं? साधनाला डी.एड.ला जायचंय, तिथं बारावीच्या मार्कांवर नंबर लागतो. अन् दहावीला ती इतिहासात काठावर पास झाल्ती. नकाशा काढ म्हणलं की हात कसा सुरेख चालतो तिचा, पण पानभर लिही म्हणलं की जीव जातो. तिचं कशाला नुकसान करायचं? भार्गवी कोणालाच बोलली न्हाई. भूगोलावर टिक केली. एवढ्या जोरात, की कागद फाटता फाटता वाचला. अन् फॉर्म आत सरकवला.

मागून तिघींचे फॉर्म गेले. क्लार्क रामरावांनी चारी फॉर्म पाह्यले, चष्मा वर केला. "एकाच गावच्या ना गं तुम्ही? मंग तीन इतिहास अन् एक भूगोल कसं काय?"

भार्गवी गर्रकन वळली. "तुम्ही इतिहास घेतला?"

"अन् तू भूगोल?" साधना ओरडलीच. "अगं येडे! मामानं सगळं सांगितलं आम्हाला. तुला विचारलं असतं तं तू न्हाईच म्हणली असती, म्हणून गुपचूप भरला."

"घ्या!" गंधाली म्हणली. "आता आपण तिघी दीडपर्यंत इतिहास शिकणार, अन् ही बाई पायरीवर बसून आपली वाट पाहणार!"

भावनाला हसू आवरंना. रामरावबी हसले. मंग घड्याळाकडं पाहून म्हणले, "बाराला खिडकी बंद. बदलायचं तं आत्ताच अर्ज लिहा. हिचा एक, न्हाई तं तुमचे तीन. ठरवा जल्दी."

बाहेर मामा हॉर्न वाजवून राह्यला.

भार्गवीनं कोरा कागद साधनापुढं धरला. "तुम्ही बदला. साधे, डी.एड. हुकंल तुझं."

साधनानं कागद तिच्याकडंच सरकवला. "हुकंल बी. भेव वाटतंच मला. तू शिकीव ना मला. रोज, जीपमधी."

मंग कोणी हसलं न्हाई. तिघी भार्गवीच्या तोंडाकडं पाहून राह्यल्या.

साधनानं दिलं, ते कळतं गं. मैत्रिणीसाठी देतं माणूस. पण घ्यायचं? दोन वर्षं रोज तिच्याच शेजारी बसून जायचं, अन् शेवटी निकाल तिचा लागायचा, तो आपण पाहायचा?

भार्गवीनं पेन उचलला. एकच अर्ज लिहिला, स्वतःच्या नावाचा.

तू घेतलं असतं का?