गुलिंग

लारासचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी ओसरीवर बसले होते. जर्मनीत शिकायला गेलेली लेक जुन्या सामानाच्या दुकानातून बोलत होती. "इबू, चादर स्वस्तात मिळाली, आणि हे बघ, गुलिंगसुद्धा." मिठीत घेऊन झोपायच्या त्या लांब उशीशिवाय आम्हा जावा बेटावरच्या माणसांना झोप येत नाही. पण हे भलतंच बारीक होतं. "उपाशी ठेवलंय का गं त्याला?" मागून दुकानदारीण हसत काहीतरी बोलली. लारास ओशाळली. "हे दाराच्या फटीला लावतात म्हणे, गार वारा अडवायला." "मग घे की. आपलं गुलिंगही गारवाच अडवतं, एकट्या झोपेतला." तिने ते उचलून काखेत धरलं. "माझं घरचं गुलिंग कुणाला देऊन टाक. दोन वर्षं तरी येणं नाही." "देते," म्हणत मी फोन चेहऱ्याजवळ धरला. मांडीवर तेच होतं. ती गेल्यापासून त्याचा अभ्रा मी धुतलेला नाही.