डब्यातले आठ मणी

मुलुंडच्या स्क्रूच्या कारखान्यात मालनमावशींनी भरलेल्या प्रत्येक डब्यात शंभराऐवजी एकशे आठ स्क्रू निघाले. भडकलेल्या शेठने सुपरवायझर लवूला बजावलं, "पुन्हा झालं तर बाईला घरी बसव!" चूक दरवेळी आठाचीच कशी, हे बघायला लवू मावशींच्या टेबलापाशी गेला. स्क्रू डब्यात पडला की त्यांचे ओठ हलायचे. "मावशी, काय पुटपुटताय?" "रामनाम, साहेब. एका स्क्रूला एकदा. घरी माळ घेऊन बसायला सवड कुठाय?" "पण डबा शंभराचाय ना! संपात मिस्टरांची गिरणी गेली, तुमचीही नोकरी जाईल." "मग उरलेले आठ मणी?" दुसऱ्या दिवशी प्रत्येक डब्यात शंभरच निघाले. तरी ओठ हलतच होते. लवू निरखत राहिला. मावशींनी एकशे आठ टाकले, हात जोडले, मग आठ परत काढले. काढताना मात्र ओठ मिटलेले होते.