उशाशी चेंडू

मुलींना फुटबॉल शिकवणाऱ्या मावशीचा एकच नियम होता: जिच्या चुकीने मॅच गेली, तिने चेंडू घरी न्यायचा. "उशाशी घेऊन झोप, भवाने! चुकीशी अबोला धरलास की ती मोठी होते," ती दरडावायची. भरवशाची गोलकीपर उलट बोलली म्हणून मावशीने आज फायनलला तिला बाकावर बसवलं आणि संघाने चार गोल खाऊन मॅच घालवली. "नशीबच फुटकं," म्हणून मावशी मोकळी झाली. पोरी आपापल्या आयांबरोबर गेल्या. मावशी गेटला कुलूप लावत होती, तेवढ्यात गोलकीपरने येऊन तिच्या हातात चेंडू ठेवला. "आज तुम्ही न्या, मावशी. उशाशी घ्या." मावशी चेंडू काखोटीला मारून घरी आली. घरात दुसरी खुर्ची होती ती उलट बोलल्यावर हाकलून दिलेल्या लेकीची. चेंडू त्या रिकाम्या खुर्चीत ठेवून मावशी समोर बसली. तिने नऊ वर्षांचा अबोला मोडला. "चुकलं गं माझं."