नऊ टक्के

“नऊ टक्के,” ड्रॉइंग मास्तरांनी जाहीर केलं आणि बाकावर टेकायच्या आधीच फोनचा पडदा सगळ्यांपुढून फिरवला. वर्गात नमुन्याचं चित्र फिरवून दाखवावं तसा.

बागेतल्या त्या बाकावर रोज संध्याकाळी चार निवृत्त माणसं बसत: मास्तर, एसटीचे कंडक्टर, बँकेचे कॅशियर आणि दवाखान्यातल्या सिस्टर. चौघांचे फोन एकाच दुकानातले, एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी घेतलेले. त्यामुळे चौघांची दुखणीही सारखीच. कुणाचा पडदा गोठायचा, कुणाचं अपडेट अर्ध्यावर रुसून बसायचं. बोलायचा नियम मात्र ठरलेला. ज्याची बॅटरी सगळ्यात कमी, त्यानं आधी बोलायचं; नाहीतर दुखणं दाखवायच्या आतच रोगी डोळे मिटायचा. नियमात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. पण मास्तरांचा फोन रोज चौऱ्याण्णव टक्क्यांवर असायचा, आणि त्यांची पाळी येईपर्यंत माळी शिट्टी वाजवत फाटक लावायला निघायचा. चार महिन्यांत मास्तर त्या बाकावर दोनच वाक्यं बोलले होते, आणि त्यातलं एक “जरा सरका” हे होतं.

आज त्यांची पहिली पाळी होती.

“बोला मास्तर,” कंडक्टर म्हणाले. त्यांची स्वतःची बॅटरी एकवीसवर होती, पण नियम म्हणजे नियम.

मास्तरांनी घसा साफ केला. “टिकतच नाही हो बॅटरी. सकाळी शंभर, संध्याकाळी ही दशा. तापतो तर असा, की हातात धरवत नाही. आता सारखे फोन म्हटल्यावर दुसरं काय होणार? एक ठेवला की दुसरा. माणूस वैतागून जातो!”

“कुणाचे एवढे फोन?” कॅशियरनी विचारलं.

“असतात आपले. लोकांचे.”

एवढं बोलून मास्तरांनी फोन सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि तिथेच घात झाला. इतका वेळ तळव्याखाली झाकलेला पांढराशुभ्र दिवा पातळ कापडातून दिसू लागला. दुपारी एक वाजल्यापासून फोनचा टॉर्च लावून त्यांनी तो उशीखाली ठेवला होता. लावायचं सुचलं, विझवायचं राहून गेलं.

“अहो मास्तर,” कंडक्टर म्हणाले, “तुमच्या खिशात दिवस उजाडलाय!”

“म्हणजे टॉर्च जाळून बॅटरी उतरवलीत होय!” कॅशियर गुडघ्यावर थाप मारून हसले.

मास्तरांचे कान लाल झाले. बागेच्या पलीकडच्या टोकाला एक बाक कायम रिकामा असायचा. उद्यापासून तिथे बसावं, किंवा गावाला चाललोय म्हणून सांगावं, त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

“आणा इकडे,” सिस्टरनी हात पुढे केला. अख्खी नोकरी वॉर्डात काढलेल्या बाईला नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी टॉर्च विझवला. मग बॅटरी आणखी काय काय खातंय ते बघावं म्हणून आलेल्या फोनांची यादी उघडली. त्यांचा अंगठा एकदाच वर सरकला आणि थांबला.

तिथे काय आहे ते मास्तरांना पाठ होतं. शेवटचा फोन अकरा दिवसांपूर्वीचा. राँग नंबर. चौदा मिनिटं.

सिस्टरनी यादी मिटली. फोनची काच रुमालानं सावकाश पुसली.

“हसताय काय?” त्या बाकीच्या दोघांना म्हणाल्या. “सॉफ्टवेअरचा दोष आहे हा. टॉर्च आपोआप लागतो. माझाही लागतो.”

“तुमचा कधी लागला?” कंडक्टरनी विचारलं.

“लागतो म्हटलं ना.” हा आवाज सुई टोचण्याआधीचा होता.

कंडक्टरनी सिस्टरकडे पाहिलं. मग मास्तरांच्या कानांकडे पाहिलं. “हो, हो,” ते म्हणाले, “माझाही लागतो की. मी अंघोळीला गेलो की हमखास.”

मास्तर घरी पोचले, कुलूप काढून आत पाऊल टाकलं, तोच फोन वाजला. पडद्यावर तीन टक्के. इतक्या दिवसांनी वाजला आणि आता जीव सोडणार! मास्तरांनी त्या टॉर्चच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चार्जरची जागा पलंगामागे, जमिनीलगत, आणि वायर जेमतेम हातभर. मास्तर गुडघ्यांवर आले, मग कोपरांवर, आणि डोकं पलंगाखाली घालून वायर जोडत ओरडले, “हॅलो!”

“मी सिस्टर. म्हटलं, फोन लागतो का बघावं.”

“लागतो, लागतो! ठेवू नका.”

“नाही ठेवत. जेवलात का?”

मास्तर सांगायला लागले. जेवण व्हायचं होतं. सकाळचं काय उरलंय, त्यात मीठ कसं जास्त पडलं, पलंगाखाली आत्ता या क्षणी त्यांना दोन नंबरचा ब्रश कसा सापडला, जो हरवला म्हणून त्यांनी एका विद्यार्थ्याला दिवसभर उभं केलं होतं. बिचारा आता आजोबा झाला असेल. सिस्टर हसल्या. मास्तरही हसले. आणि हसता हसता त्यांनी कान टवकारले.

“सिस्टर, अहो, मधेच टुक टुक वाजतंय. हे बघा, परत! म्हणजे खरंच बिघडलाय हो हा.”

“बिघडला नाही, मास्तर. तुम्हाला दुसरा फोन येतोय.”

मास्तरांनी फोन डोळ्यांपुढे धरला. पडद्यावर कंडक्टरांचं नाव नाचत होतं.

“वाजू दे,” ते म्हणाले आणि तिथेच फरशीवर ऐसपैस आडवे झाले. “मी सध्या बिझी आहे.”