भूपातला मध्यम

विद्यापीठाच्या खुल्या रंगमंचावर शर्वाणी भूप गात होती. श्रोत्यांच्या कानांत सूर दुरुस्त करणारी यंत्रं होती. ती कशीही गायली तरी त्यांना अचूकच ऐकू यायचं. वैतागून तिने मुद्दाम मध्यम लावला, जो भूपात चालतच नाही.

"वा, क्या बात है!" सगळे एकदम म्हणाले.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी मात्र दचकली. "अहो ताई, मध्यम लागला!"

आजूबाजूचे तिच्याकडे रागाने बघायला लागले. ती ओशाळली. "सॉरी, माझं यंत्र होस्टेलवरच राहिलं."

शर्वाणीचा चेहरा उजळला. "बरं झालं, बाई! ये, इथे पुढे येऊन बस."

तिने तंबोरे नव्याने जुळवले. आता चुकायची भीती होती, कित्येक वर्षांनी.