अढी

"आंबे अढीत घालता ना आजी, तसंच समजा," गुणवंती सिस्टर म्हणाली. "ऊब जाता कामा नये, एवढंच बघायचं."

सोनूबाईने पेटीत डोकावून पाहिलं. पेटी आंब्याचीच होती. फळ्यांवर मुंबईच्या दलालाची काळी अक्षरं अजून दिसत होती. तळाला भाताचा पेंढा, त्यावर कापूस आणि कापसात सातव्या महिन्यात आलेली तिची नात. दोन्ही बाजूंना सलाइनच्या रिकाम्या बाटल्या, गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळलेल्या. पोरीचं तोंड तेवढं उघडं होतं, सुकल्या आमसुलासारखं.

"मला नको शिकवूस बाय. माजा जल्म गेला आंबं घालन्यात," सोनूबाई म्हणाली. "पन हे कसलं गो, आंब्यापेक्षा हलकं हाय."

गुणवंती हसली. शेजारच्या खाटेवर पोरीची आई, जनी, तापाने ग्लानीत पडली होती. बाप मुंबईत गिरणीच्या संपात अडकलेला. पोरीजवळ बसायला सोनूबाईखेरीज कुणी नव्हतं.

बाहेर जीप थांबली.

रत्नागिरीहून मोठे साहेब आले होते, सोबत कारकून आणि एक फोटोवाला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना उबेत ठेवायची काचेची पेटी या आरोग्य केंद्राला कधीच मिळाली नव्हती. दर वर्षी मागणी जायची आणि 'विचाराधीन आहे' असं उत्तर यायचं. पेटी आली असती तरी वीज कुठे होती? पोफळीच्या वीजघरात तयार झालेली वीज तारांवरून याच गावाच्या डोक्यावरून मुंबईला जायची आणि केंद्रातला दिवा भरदुपारी मान टाकायचा. शेवटी गुणवंतीने ही आंब्याची पेटी मांडली. तिच्यात दोन पोरं जगली. रत्नागिरीच्या पेपरात चार ओळी छापून आल्या, त्या वाचून साहेब आले होते. डॉक्टर नसबंदीच्या शिबिराला गेलेले. दुसरी नर्स बदलून गेली, तिच्या जागी कुणी आलंच नव्हतं. साहेबांपुढे जायला गुणवंतीच होती.

"मी आलेच," ती म्हणाली. "बाटल्या निवल्या तर बंबातलं पाणी भरा."

"जा गो. मी हाय ना."

डॉक्टरांच्या खोलीत साहेबांनी तिला खुर्चीवर बसायला लावलं. त्या खोलीत ती कधी बसली नव्हती. साहेब माणूस चांगला होता, मनापासून ऐकत होता. कल्पना सुचली कशी, म्हणून त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे आंबा असाच पिकवतात, साहेब. पेंढ्याला अंगची ऊब असते."

"वा! म्हणजे मशीनवाचून इथे काही अडत नाही." साहेब कारकुनाकडे वळले. "यांची मागणी दुसऱ्या केंद्राकडे वळवा. जिथे अशी सिस्टर नाही, तिथे देऊ."

गुणवंतीला काहीतरी म्हणायचं होतं. पण साहेब कौतुक करत होते, आणि कुणी कौतुक करत असताना मध्ये कसं बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. शहाळी आली. साहेबांनी सगळं पुन्हा सांगायला लावलं, कारकुनाला लिहून घेता यावं म्हणून सावकाश. ती दाराकडे बघायची, की साहेब पुढचा प्रश्न काढायचे.

"आणि आत हवा कुठून जाते?"

"फटींतून, साहेब. आंब्याच्या पेटीला फटी ठेवलेल्याच असतात. आणि वरूनही ती उघडीच..."

ती थांबली.

अढीला फटी नसतात. अढी वरून उघडी नसते. आंब्यावर पेंढा, पेंढ्यावर आणखी पेंढा, वर गोणपाट, आणि पिकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हवेचं आपण आजींना काहीच सांगितलं नाही. बोललो ते फक्त उबेचं.

"मी... जरा बघून येते, साहेब."

"चला, आम्हीही येतो. फोटो घ्यायचाच आहे."

साहेबांच्या समोर पळायचं कसं? ती भरभर चालत गेली, तेवढंच.

पेटी दिसतच नव्हती. बदलायला म्हणून कोपऱ्यात ठेवलेला सगळा पेंढा फटीफटींत ठासून, पेटीच्या काठापर्यंत भरला होता. वर जनीच्या अंगावरची गोधडी, तिच्यावर तांदळाची गोणपाटं, कडा चारी बाजूंनी नीट दाबून खोचलेल्या. सोनूबाई त्यांवर हात ठेवून बसली होती.

"बाटल्या निवाय लागल्या, त्या पुन्ना भरल्या," ती म्हणाली. "नि मग घातली नीट अढी. तुज्या त्या पेटीत वारा शिरत होता बाय, सगळीकडनं." साहेबांना पाहून तिने पदर सारखा केला. "तवापासनं हितंच बसलीय. एकदा पन उघाडलं नाय."

फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. गुणवंतीने गोणपाटं ओढली, गोधडी ओढली, दोन्ही हातांनी पेंढा उपसला आणि कापसात हात घातला. आत काही हललं नाही.

ऊब मात्र अगदी हवी तेवढीच होती.